चाळीस केसेस झाल्या, तरी पहिल्याच फेरीत बाद: नेमके अडते कोठे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात, उत्पादन क्षेत्रात सहा वर्षे काढली आहेत, गेल्या वर्षभरात दोन मोठ्या मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्म्सकडे अर्ज केलात, दोन्हीकडून मुलाखतीचे बोलावणे आले आणि दोन्हीकडे पहिल्याच फेरीत बाद झालात. त्याआधीच्या तीन महिन्यांत तुम्ही चाळीस केसेस, म्हणजे अशा मुलाखतीत सोडवायला देतात तसे एखाद्या कंपनीच्या अडचणीचे प्रश्न, सोडवल्या होत्या, आणि एका फर्मने फोनवर एवढेच सांगितले की ‘मांडणी चांगली होती, पण संवाद कमी पडला’. आता तुमचे तीन प्रश्न आहेत: आणखी चाळीस केसेस कराव्यात का, नामांकित संस्थेची पदवी नसणे आड येते आहे का, आणि पुन्हा अर्ज केव्हा करावा.

मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत छोटे आहे. संस्थेच्या नावाचे वजन अर्ज चाळले जातात तेव्हा पडते, आणि तेथे ते बऱ्यापैकी पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुलाखतीला बोलावले गेलात म्हणजे ती चाळणी तुम्ही पार केली आहे. मी ज्या फर्ममध्ये अकरा वर्षे होतो तेथे मुलाखतकाराच्या गुणपत्रकावर संस्थेच्या नावासाठी रकानाच नव्हता. तेव्हा दोन्ही वेळा तुम्ही बाद झालात ते खोलीत जे घडले त्यामुळे, आणि ही एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण पदवी बदलता येत नाही, खोलीतले वागणे बदलता येते.

तुमच्या अडचणीचा पत्ता लागतो तो त्या फोनवरच्या एका वाक्यात. ‘मांडणी चांगली, संवाद कमी’ असे मीही अनेक उमेदवारांना कळवले आहे, आणि त्याचा अर्थ ‘इंग्रजी सुधारा’ किंवा ‘आत्मविश्वासाने बोला’ असा क्वचितच असतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की उमेदवाराने पाठ केलेला आराखडा कागदावर नीट उतरवला आणि मग तो आराखडा पूर्ण करण्याच्या नादात समोर माणूस बसला आहे हे तो विसरला. म्हणून, किती केसेस कराव्यात यापेक्षा केस सोडवताना समोरच्या माणसाचे काय करायचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते.

पुढे जाण्यापूर्वी काय काय परिस्थितीवर अवलंबून असते ते सांगून टाकतो. पहिले म्हणजे फर्म. मॅकिन्झीमध्ये केसची सूत्रे बरीचशी मुलाखतकाराच्या हातात असतात; तो ठरावीक प्रश्न क्रमाने विचारतो आणि प्रत्येक प्रश्नावर तुमचे उत्तर घेतो. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप (बीसीजी) आणि बेन येथे सूत्रे साधारणपणे उमेदवाराने हाती घ्यावीत अशी अपेक्षा असते. पुढे कोठे जायचे ते तुम्ही सुचवायचे आणि माहिती मागायची. दुसरे म्हणजे पातळी, आणि येथे पदनामांनी अनेकांची फसगत होते. ‘असोसिएट’ हे पद मॅकिन्झीत एमबीए झालेल्यांचे असते, तर बीसीजीमध्ये ते पदवीनंतर थेट आलेल्यांचे असते. सहा वर्षांच्या अनुभवावर तुम्ही कोणत्या पायरीवर अर्ज करत आहात, हे पदनामावरून न ठरवता जाहिरातीतल्या अपेक्षांवरून ठरवा. तिसरे म्हणजे वर्ष. ज्या वर्षी कामे कमी असतात त्या वर्षी कार्यालये चांगल्या उमेदवारांनाही परत पाठवतात, आणि त्याचे कारण उमेदवाराला कधीच कळत नाही. हे सगळे तुमच्या हातात नाही, म्हणून त्यावर मी याहून जास्त शब्द खर्च करत नाही.

अर्जाच्या आणि ऑनलाइन चाचणीच्या टप्प्यांबद्दलही थोडक्यातच लिहितो, कारण ते तुम्ही पार केले आहेत. रेझ्युमे एका पानाचा असावा आणि त्यातली प्रत्येक ओळ तुम्ही काय केले व त्यामुळे काय बदलले हे सांगणारी असावी. ‘जबाबदारी सांभाळली’ असे लिहिलेल्या ओळी मी वाचत नसे, डोळा आपोआप पुढच्या आकड्यावर जाई. आतल्या माणसाच्या शिफारशीने अर्ज नीट वाचला जाण्याची शक्यता वाढते, पुढे मात्र तिचा उपयोग संपतो. चाचण्यांचे रूप सतत बदलते. मॅकिन्झीची ‘सॉल्व्ह’ ही चाचणी खेळासारखी असते, बीसीजीची ‘केसी’ ही चॅटबॉटशी संवाद साधत सोडवायची केस असते, आणि दोन्हींत घड्याळ चालू असते. त्या त्या वेळी फर्मच्या संकेतस्थळावर काय लिहिले आहे ते पाहावे आणि जुन्या उमेदवारांच्या आठवणींवर फार विसंबू नये.

आता खोलीत जाऊ. मुलाखतकार म्हणजे बहुधा दिवसभर क्लायंटच्या कामात असलेला, दोन बैठकांच्या मधल्या वेळात तुमच्यासाठी पाऊण तास काढून आलेला माणूस असतो. तो तुमच्या उत्तराला गुण देतो, पण मनात एक वेगळाच प्रश्न घोळत असतो: पुढच्या सोमवारी हा माणूस माझ्या चमूत आला आणि मी आजारी पडलो, तर क्लायंटच्या वित्तप्रमुखासमोर याला एकट्याने बसवू शकेन का? बरोबर उत्तर काढणारा, पण प्रश्न नीट न ऐकणारा, किंवा चूक दाखवल्यावर गोंधळून गप्प होणारा माणूस या प्रश्नावर नापास होतो. मुलाखत संपली की मी लगेच गुणपत्रक भरत असे, आणि संध्याकाळी सगळे मुलाखतकार एकत्र बसत तेव्हा चर्चा केसच्या उत्तरावर फार कमी होई. ‘मी त्याला इशारा दिला तेव्हा त्याने तो घेतला का?’ हा प्रश्न मात्र हमखास निघे.

एक केस जवळून दाखवतो. ती मी वर्षानुवर्षे वापरली, आता वापरत नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. मी म्हणायचो: “एक कंपनी इमारतींसाठी लिफ्ट बनवते, बसवते आणि नंतर त्यांची देखभालही करते. गेल्या वर्षी तिचा महसूल वाढला, पण नफा घटला. असे का झाले असावे आणि कंपनीने काय करावे?”

बहुसंख्य उमेदवार दोन मिनिटे मागून घेत, कागद आडवा धरत आणि एक सुबक झाड काढत. नफा म्हणजे महसूल वजा खर्च; महसूल म्हणजे किंमत गुणिले संख्या; खर्च म्हणजे स्थिर आणि बदलता. यात चूक काहीच नाही. मग ते म्हणत, “महसूल वाढला आहे, म्हणजे अडचण खर्चात आहे,” आणि एकेक खर्च विचारू लागत. पोलाद महागले का? नाही. मजुरी वाढली का? नाही. वाहतूक? नाही. चौथ्या ‘नाही’नंतर माझ्या आवाजात थोडा फरक पडे, कधी मी मुद्दाम म्हणे, “खर्चाचे दर सगळे जागच्या जागी आहेत असे समजा.” हा इशारा होता. तरीही पुष्कळजण विमा आणि जाहिरातीच्या खर्चाकडे वळत, कारण झाडाच्या त्या फांद्या अजून रिकाम्या होत्या. आराखडा पूर्ण होई आणि वेळ संपे.

एका उमेदवार बाईंनी तीस सेकंदांत कागदावरून नजर वर केली आणि विचारले, “आपण म्हणालात की कंपनी देखभालही करते. नव्या लिफ्टची विक्री आणि देखभाल यांचे आकडे वेगवेगळे मिळतील का? विचारण्याचे कारण असे की या दोन्हींत नफ्याचे प्रमाण सारखे असेल असे मला वाटत नाही.” मी कागद पुढे सरकवला. आदल्या वर्षी नव्या लिफ्टचा महसूल २४० आणि देखभालीचा १६० होता. नंतरच्या वर्षी ते अनुक्रमे ३३० आणि १२० झाले. नफ्याचे प्रमाण दोन्ही वर्षी तेच होते: नव्या लिफ्टवर १० टक्के, देखभालीवर ३५ टक्के.

त्यांनी गणित मोठ्याने केले. आदल्या वर्षी २४ अधिक ५६, म्हणजे ४०० च्या महसुलावर नफा ८०, वीस टक्के. नंतरच्या वर्षी ३३ अधिक ४२, म्हणजे ४५० वर ७५, सुमारे १६.७ टक्के. येथवर पोचणारे आणखीही असतात. फरक पडला तो पुढच्या दोन वाक्यांनी. त्या म्हणाल्या, “नव्या लिफ्टने ९ मिळवून दिले आणि देखभालीने १४ घालवले, म्हणून खर्चात शोधण्यासारखे काही नाही, देखभालीचे ४० कोठे गेले ते शोधायला हवे. आणि हे विचित्र आहे, कारण लिफ्ट जास्त बसवल्या जात असतील तर देखभाल वाढायला हवी होती.”

मी विचारले, “का घटली असेल?” त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “एक शक्यता अशी की नव्या लिफ्ट विकण्यासाठी सुरुवातीची काही वर्षे देखभाल मोफत दिली जात असेल. पण त्याने देखभालीचा महसूल वाढायचा थांबेल, तो घटणार नाही. घट झाली आहे म्हणजे जुने ग्राहक करार पुढे चालवत नसावेत, किंवा कमी दराने चालवत असावेत. करार नूतनीकरणाचे प्रमाण मिळाले तर यांतले कोणते ते सांगता येईल.” स्वतःच मांडलेली शक्यता स्वतःच्याच तोंडाने बाजूला सारणे, आणि तेही कारण देऊन, हे मी सगळ्या मुलाखतींत मिळून फार थोड्या वेळा पाहिले. पुढे त्यांनी एका बेरजेत चूक केली. मी ती दाखवली, त्यांनी “बरोबर, धन्यवाद,” म्हणून ती दुरुस्त केली आणि निष्कर्षावर तिचा परिणाम होतो का ते लगेच तपासले. संध्याकाळच्या बैठकीत त्या चुकीचा उल्लेख कोणीच केला नाही.

आता पहिल्या प्रकारच्या उमेदवारांकडे पुन्हा पाहा. त्यांच्याकडे मांडणी होती. त्यांच्याकडे कदाचित तुमच्यासारखाच चाळीस केसेसचा सराव होता. मी प्रश्नात तीन क्रियापदे वापरली होती: बनवते, बसवते, देखभाल करते. ती त्यांनी ऐकलीच नाहीत, कारण ‘नफा घटला’ हे दोन शब्द कानावर पडताक्षणी त्यांच्या डोक्यात तयार झाड उभे राहिले होते. तुमच्याही बाबतीत असेच झाले असण्याची शक्यता मला दाट वाटते.

फ्रेमवर्क, म्हणजे असे तयार आराखडे, फेकून द्या असे मी म्हणत नाही. मांडणीचा एक नियम या धंद्यात सर्वत्र पाळला जातो: मुद्दे एकमेकांवर चढू नयेत आणि सगळे मिळून काही सुटू नये. त्यासाठी ‘मीसी’ हा शब्द तुम्ही वाचला असेलच. तो रूढ केला बार्बरा मिंटो यांनी, ज्या १९६३ मध्ये मॅकिन्झीत रुजू झाल्या. आणि गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार त्याचा उच्चार ‘मीस’ असा आहे, पण ऐकतो कोण. या नियमाचा हेतू विचाराला शिस्त लावणे हा आहे. नियम पाळून काढलेली मांडणी त्या विशिष्ट कंपनीबद्दल काहीच सांगत नसेल, तर ती नीटनेटकी असूनही निरुपयोगी असते. माझी एक सोपी कसोटी आहे: तुमच्या कागदावरून ‘लिफ्ट’ हा शब्द खोडून तेथे ‘औषधे’ लिहिले आणि बाकी एकही ओळ बदलावी लागली नाही, तर तो कागद तुमच्या डोक्यातून आलेला नाही, पाठांतरातून आलेला आहे.

गणिताबद्दल दोन शब्द. कॅल्क्युलेटर मिळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. इंजिनिअर गणितात कच्चे नसतात, पण ते मुकाट्याने गणित करतात, आणि येथे ते नडते. आकडेमोड सुरू करण्यापूर्वी ‘मी आधी प्रत्येक व्यवसायाचा नफा काढतो, मग बेरीज करून एकूण प्रमाण काढतो’ असे एक वाक्य बोला. त्याने दोन गोष्टी होतात: रीत चुकीची असेल तर मुलाखतकार तेथेच अडवू शकतो, आणि तुम्ही दीड मिनिट गप्प बसलात तरी तो अस्वस्थ होत नाही. उत्तर आल्यावर आकड्यावर थांबू नका. ‘१६.७ टक्के’ ही माहिती झाली; ‘वीसवरून १६.७ वर आले, आणि दोन्ही व्यवसायांचे प्रमाण तेच असूनही आले’ हे सांगितलेत तर तो विचार झाला.

माझ्या स्वतःच्या बाबतीतली एक फजिती येथे सांगावीशी वाटते. उमेदवार म्हणून मी एका फर्मच्या अंतिम फेरीत होतो. केस अशी होती की एका कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीला दीड वर्षात एक विभाग विकायचा आहे आणि त्याआधी त्याची किंमत वाढवायची आहे. मी वीस मिनिटे झकास विश्लेषण केले आणि पाच वर्षांत पैसे वसूल होतील असा नवा कारखाना काढण्याचा सल्ला दिला. समोरच्या पार्टनरने, म्हणजे फर्मच्या वरिष्ठ भागीदाराने, शांतपणे विचारले, “मालक तोवर असणार आहेत का?” मला प्रश्न कळायलाच काही क्षण लागले. दीड वर्षाची मुदत मी स्वतःच्या हाताने कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवली होती. तेव्हापासून मी उमेदवारांना सांगतो की उद्दिष्ट, मुदत आणि यश कशाला म्हणायचे हे तीन मुद्दे कागदाच्या माथ्यावर लिहा आणि शिफारस तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी एकदा माथ्याकडे पाहा. ती फर्म मला मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

शिफारशीची रीतही ठरलेली आहे आणि ती शिकायला अर्धा दिवस पुरतो. आधी उत्तर, मग दोन किंवा तीन कारणे आकड्यांसह, मग मोठ्यात मोठा धोका, आणि शेवटी उद्यापासून काय करायचे ते. इंजिनिअर आणि संशोधक हे उलट्या क्रमाने बोलतात: आधी पद्धत, मग निरीक्षणे, शेवटी निष्कर्ष. क्लायंटला निष्कर्ष पहिल्या वाक्यात हवा असतो, कारण दुसऱ्या वाक्याच्या वेळी त्याचा फोन वाजण्याची शक्यता असते.

आता मुलाखतीच्या ज्या भागाकडे तुमच्या पत्रात एका शब्दानेही लक्ष गेलेले नाही त्याकडे वळतो: तुमच्या स्वतःच्या अनुभवाचे प्रश्न. चाळीस केसेस मोजणाऱ्या माणसाने आपल्या किती कहाण्या तयार केल्या हे सांगू नये, यातच मला निम्मे निदान दिसते. मॅकिन्झीत या भागाला ‘पर्सनल एक्स्पिरियन्स इंटरव्ह्यू’ म्हणतात, आणि त्यात एकाच प्रसंगावर दहा-पंधरा मिनिटे खणले जाते. इतर ठिकाणी प्रश्न अधिक आणि खोली थोडी कमी असते. पण केस उत्तम आणि हा भाग कच्चा, एवढ्यावरून नाकारलेले उमेदवार मी सर्वत्र पाहिले आहेत.

खणणे म्हणजे काय ते पाहा. उमेदवार म्हणतो, “आम्ही पुरवठादार बदलला आणि सदोष मालाचे प्रमाण निम्म्यावर आणले. सुरुवातीला विरोध होता, पण आम्ही सर्वांना विश्वासात घेतले.” मी विचारतो, “सर्वांत जास्त विरोध कोणाचा होता?” तो म्हणतो, “खरेदी विभागाचा.” मी विचारतो, “त्या विभागातल्या कोणाचा? तुम्ही त्यांच्याशी पहिल्यांदा बोललात तेव्हा तुमचे पहिले वाक्य काय होते? त्यावर ते काय म्हणाले?” येथे बहुतेकांची गाडी रुतते. ते खोटे बोलत नसतात. त्यांनी प्रसंग आठवलेलाच नसतो, फक्त त्याचा सारांश आठवलेला असतो. आणि ‘आम्ही’ या शब्दाआड स्वतः नेमके काय केले ते दडून जाते. आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते हे मला मान्य आहे, पण मुलाखतकाराला तुमच्या चमूला नोकरी द्यायची नसते.

उलट एकाने सांगितलेला प्रसंग मला अजून आठवतो, आणि तो तुमच्याच क्षेत्रातला होता. रात्रपाळीचा एक पर्यवेक्षक यंत्र बंद ठेवून तपासणी करायला तयार नव्हता, कारण त्याच्या पाळीचे उत्पादन कमी दिसले असते. उमेदवार म्हणाला, “मी आधी त्याला आकडे दाखवले आणि त्याने ते बघितलेही नाहीत. मग मी सलग तीन रात्री त्याच्या पाळीत उभा राहिलो. तिसऱ्या रात्री चहाच्या सुटीत तो स्वतःच म्हणाला की सकाळच्या पाळीला हाच नियम लावत असाल तर मी करतो. तोवर मला कळलेच नव्हते की त्याची तक्रार तपासणीबद्दल नव्हती, भेदभावाबद्दल होती.” बचत किती झाली हे मला आता आठवत नाही. तो माणूस विरोध करणाऱ्याचे ऐकू शकतो, एवढे मी गुणपत्रकावर लिहिले. कारखान्यात सहा वर्षे काढलेल्या माणसाकडे असे दहा प्रसंग नक्की असतात. त्यांतले चार निवडा: एखाद्याचे मन वळवले तो, चमू सांभाळला तो, अडथळे असूनही काही तडीस नेले तो, आणि जेथे तुमचेच चुकले तो. प्रत्येकातले संवाद, तुम्हाला तेव्हा काय वाटले आणि दुसरा कोणता मार्ग तुम्ही नाकारलात हे सगळे आठवून लिहून काढा. मात्र ते पाठ करू नका.

पहिली फेरी पार झाली की पुढची फेरी बहुधा पार्टनरांसोबत असते. तेथे केस कधी काटेकोर असते, तर कधी पार्टनर आपल्या चालू कामातला प्रश्न काढून नुसत्या गप्पा मारतो आणि उमेदवाराला वाटते की केस झालीच नाही. ती झालेली असते. पण तुम्ही अजून तेथवर पोचलेला नाही, तेव्हा त्याची चिंता आज नको.

राहिला तुमचा पहिला प्रश्न: आणखी चाळीस? नको. तुमच्या वर्णनावरून त्या चाळीसपैकी बहुतेक केसेस तुम्ही एकट्याने, कागदावर, उत्तर शेजारी ठेवून सोडवलेल्या दिसतात. त्याने मांडणी सुधारते, आणि ती सुधारलीच आहे. आता जिवंत माणसासमोर पंधरा ते वीस केसेस करा, शक्य तितक्या वेगवेगळ्या माणसांसमोर, आणि त्यांतले निदान चार-पाच जण स्वतः या धंद्यात असलेले किंवा राहिलेले असू द्या. मोठ्या फर्म्सच्या संकेतस्थळांवर त्यांच्याच सरावाच्या केसेस मोफत उपलब्ध असतात. सुरुवात त्यांपासून करा, कारण बाजारात फिरणाऱ्या संग्रहांत कालबाह्य माल पुष्कळ असतो. जोडीदाराला सांगून ठेवा की मधेच एकदा इशारा द्यायचा आणि एकदा मुद्दाम वाकडा आक्षेप घ्यायचा. प्रत्येक केसनंतर उत्तर बरोबर आले का हे विचारू नका. ‘मी इशारा घेतला का, आणि कोणत्या क्षणी तुझे लक्ष उडाले’ हे विचारा. आणि निम्म्या वेळा तुम्ही मुलाखतकार व्हा. दुसऱ्याला आपली पाठ केलेली झाडे काढताना समोरून पाहिले की जे कळते ते मी कितीही लिहून कळणार नाही.

पुन्हा अर्ज करण्याबाबत: बहुतेक फर्म्समध्ये नकारानंतर साधारण एक ते दोन वर्षे थांबावे लागते, आणि हा काळ फर्मनुसार व कधी कधी कार्यालयानुसारही बदलतो, म्हणून ज्यांनी तुम्हाला फोन केला त्या भरती विभागालाच सरळ ईमेल करून विचारा. असे विचारल्याने कोणी वाईट मत करून घेत नाही. मधल्या काळात रेझ्युमेवर काहीतरी नवे दिसले पाहिजे. तोच कागद नव्या तारखेने पाठवला तर जुना निकाल पुन्हा मिळण्याचा संभव असतो. शक्य असेल तर कंपनीत विभागांच्या सीमा ओलांडणारे एखादे काम मागून घ्या, जेथे खरेदी, वित्त आणि उत्पादन यांना एका टेबलाशी बसवावे लागेल. या दोन फर्म्सव्यतिरिक्त इतर कन्सल्टिंग फर्म्सही आहेत आणि त्यांच्या मुलाखतींची घडण बरीचशी अशीच असते, त्यामुळे तेथे अर्ज करायला आजही आडकाठी नाही.

सराव सुरू करण्यापूर्वी एक करा. फोनवर रेकॉर्डिंग लावून तुमचा सर्वांत चांगला प्रसंग पाच मिनिटे सांगा, कोणी समोर नसले तरी चालेल, आणि दुसऱ्या दिवशी ते ऐकताना ‘आम्ही’ किती वेळा आले ते मोजा. तो आकडा कळवलात तर कोणत्या चार प्रसंगांपासून सुरुवात करावी ते मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.